थेंब पडतो कुठे?



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्यापासून सहकारापर्यंत बरंच बोललं गेलं आहे. मी डोळ्यांचा डॉक्टर. आयोजकांनी मला 'आरोग्य' असा ऐसपैस विषय दिला होता. त्यांच्या परवानगीनं मी तो आवळत आवळत एका थेंबावर आणून ठेवला आहे. काचबिंदूसाठी जे थेंब रोज डोळ्यात घालायचे असतात ते कसे घालायचे, एवढंच आज बोलायचं आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची नजर शेवटच्या वर्षांत काचबिंदूनं गेली होती, हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. तेव्हा विषय अगदीच आगंतुक नाही.

मला काय म्हणायचं आहे ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना सातची एसटी गाठायची आहे त्यांची सोय होईल. काचबिंदूवर आज मिळणारी औषधं चांगली आहेत, त्यांचा उपयोग सिद्ध झालेला आहे. ती हुकतात ती बाटलीचं तोंड आणि डोळा यांच्यामधल्या दोन बोटांच्या अंतरात. आणि त्या दोन बोटांकडे वैद्यकीय व्यवसायानं जवळजवळ लक्षच दिलेलं नाही. औषध लिहून देणारा ते घालताना कधी बघत नाही, विकणारा बघत नाही, आणि घालणाऱ्याला तर स्वतःचा डोळा दिसतच नाही.

आपल्याकडे डोळ्याचा आजार म्हटला की मोतीबिंदू. १९७६ साली अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, आणि पुढं गावोगाव शिबिरं झाली. आजोबांना टेम्पोत घालून नेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आणलं आणि चार दिवसांनी आजोबा पेपर वाचायला लागले, हे प्रत्येक घरानं पाहिलं आहे. त्यामुळे काचबिंदू म्हटल्यावरही लोकांना वाटतं, हा त्याचाच चुलतभाऊ असणार. पिकला की काढून टाकू. माझ्याकडे येणारे कित्येक जण हेच विचारतात, "डॉक्टर, पिकलाय का?" काचबिंदू पिकत नाही आणि काढताही येत नाही. मोतीबिंदूत डोळ्यातलं भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस झिजते, आणि झिजलेली नस परत आणण्याचा उपाय आज जगात कुणाकडेही नाही. आहे तेवढी राखायची, एवढंच हातात असतं.

ही नस का झिजते याचं पूर्ण उत्तर अजून लागलेलं नाही, पण एक कारण पक्कं आहे: डोळ्यातलं प्रेशर. डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होतं, मिनिटाला दोन-तीन मायक्रोलिटर, आणि बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते बाहेर पडतं. हे डोळ्यातून ओघळणारे अश्रू नव्हेत. ते वेगळे, हे आतलं पाणी वेगळं. जाळीतून निचरा कमी झाला की आतला दाब वाढतो. साधारणपणे हा दाब १० ते २१ च्या दरम्यान असतो. पण २१ ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. काहींची नस १६ वरसुद्धा झिजते, काहींची २५ वरही शाबूत राहते. म्हणून "माझं प्रेशर नॉर्मल आलंय" एवढ्यावर कुणी निर्धास्त होऊ नये.

हा आजार सहसा दुखत नाही. सुरुवातीला समोरचं सगळं स्वच्छ दिसतं आणि जाते ती कडेची नजर. एका डोळ्यात जे गेलं ते दुसरा डोळा भरून काढतो. माणूस मोटारसायकल चालवत असतो, सुईत दोरा ओवत असतो, आणि निम्मी नस गेलेली असते. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा, असा अंदाज २०१० मध्ये मांडला गेला. दक्षिण भारतात घरोघर जाऊन ज्या पाहण्या झाल्या, त्यांत सापडलेल्या दहांतल्या नऊहून अधिक जणांना आपल्याला हा आजार आहे याचा पत्ताच नव्हता.

आता थेंबांचा उपयोग होतो का, हे बघू. अमेरिकेत प्रेशर वाढलेलं आहे पण नस अजून शाबूत आहे अशा १,६३६ जणांना दोन गटांत विभागलं गेलं. एका गटाला थेंब, दुसऱ्यावर नुसती देखरेख. २००२ साली निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांत देखरेखीच्या गटात ९.५ टक्के लोकांना काचबिंदू झाला, थेंब घालणाऱ्यांत ४.४ टक्क्यांना. ब्रिटनमध्ये आधीच काचबिंदू झालेल्या ५१६ रुग्णांना लॅटानोप्रोस्टचे थेंब किंवा औषध नसलेले थेंब देऊन पाहिलं. दोन वर्षांत औषध नसलेल्या गटात २५.६ टक्के जणांची नजर आणखी घसरली, औषधाच्या गटात १५.२ टक्के जणांची. म्हणजे थेंब जादू करत नाहीत, पण घसरगुंडीला बांध घालतात. यातली अडचणीची गोष्ट अशी की, हा फायदा रुग्णाला जाणवत नाही. डोकेदुखीची गोळी घेतली की डोकं दुखायचं थांबतं. इथं थेंब घातला तरी कालच्यासारखंच दिसतं, नाही घातला तरी कालच्यासारखंच दिसतं. वर डोळा थोडा चुरचुरतो. अशा औषधाशी माणसानं वर्षानुवर्षं इमान राखावं, ही अपेक्षा साधी नाही.

या थेंबांचा इतिहासही गमतीचा आहे. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरियात, कलाबार नावाचं बंदर आहे. तिथं आरोपी खरा की खोटा हे ठरवायला त्याला एक विषारी बी खायला देत. ओकला तर निर्दोष, मेला तर गुन्हेगार. या बीनं डोळ्याची बाहुली बारीक होते, हे स्कॉटलंडच्या आर्गाइल रॉबर्टसन यांनी १८६३ साली नोंदवलं. त्याच बीतलं द्रव्य लुडविग लाकर या नेत्रतज्ज्ञानं १८७६ मध्ये काचबिंदूवर वापरलं आणि प्रेशर उतरलेलं पाहिलं. लाकर यांना स्वतःलाच काचबिंदू होता. मला हे नेहमी महत्त्वाचं वाटतं. काचबिंदूच्या औषधाची सुरुवात करणारा माणूस टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला होता. त्यानंतर ब्राझीलच्या एका झुडपातून पिलोकार्पिन आलं. मग थेट १९७८ साली अमेरिकेत टिमोलॉलला मान्यता मिळाली, आणि १९९६ मध्ये लॅटानोप्रोस्टला. आज तुमच्यापैकी अनेकांच्या फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, यांतलीच एखादी बाटली उभी असेल.

आता त्या थेंबाबरोबर जरा प्रवास करू.

बाटलीतून पडणारा एक थेंब सुमारे ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो. डोळ्याच्या खालच्या पापणीच्या खोबणीत मावतं फार तर ३०. म्हणजे पहिल्या थेंबातच खोबण काठोकाठ भरून थोडं ओघळतं. दुसरा थेंब घालणं म्हणजे भरल्या तांब्यात पाणी ओतणं. तरीही "एक पडला की नाही कळलं नाही, म्हणून दोन-तीन घातले" हे मी जवळजवळ रोज ऐकतो. जास्त थेंबांनी जास्त गुण येत नाही. लॅटानोप्रोस्टच्या बाबतीत तर उलटंच आहे. ते दिवसातून एकदाच घालायचं असतं, आणि अधिक वेळा घातलं तर त्याचा परिणाम कमी होऊ शकतो.

ओघळलं नाही ते जातं कुठे? डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात, वरच्या आणि खालच्या पापणीच्या काठावर, टाचणीच्या टोकाएवढं एकेक भोक असतं. आरशात पापणी किंचित बाहेर ओढून बघा, दिसेल. अश्रू तिथून नाकात उतरतात. रडताना नाक वाहतं ते यामुळेच. आपण पापण्यांची उघडझाप करतो तसतसं पाणी त्या भोकांतून खेचलं जातं. थेंब घातल्यावर लोक काय करतात? चुरचुरतं म्हणून भराभर पापण्या मिटतात. औषध डोळ्यात मुरायच्या आत नाकात, तिथून घशात. "डॉक्टर, थेंब कडू लागतो" असं कुणी म्हणालं की मला कळतं, औषध डोळ्यात राहिलं नाही.

नाकातलं औषध नुसतं वाया जात नाही, ते रक्तात जातं. आणि पोटातून गेलेल्या गोळीला आधी यकृताची चाळणी लागते, तशी इथं लागत नाही. टिमोलॉल हे मुळात हृदयाच्या औषधांच्या घराण्यातलं. त्यानं नाडी मंद होऊ शकते आणि दमेकऱ्याची श्वासनलिका आवळू शकते. दमा असलेल्या माणसाला टिमोलॉल देत नाहीत ते यासाठी. पण अडचण होते ती वेगळ्याच ठिकाणी. रुग्णाला दम लागतो म्हणून तो फॅमिली डॉक्टरकडे जातो. डॉक्टर विचारतात, "कुठली औषधं चालू आहेत?" तो सांगतो, "काही नाही." तो खोटं बोलत नसतो. त्याच्या लेखी औषध म्हणजे गोळी किंवा इंजेक्शन. डोळ्यात घालतो ते 'ड्रॉप'. असेच एक शेतकरी काका, चढ चढताना थांबायला लागलेले, महिनोन्‌महिने खोकल्याची बाटली पीत होते. खिशात टिमोलॉलची बाटली होती, आणि ती खिशातून बाहेर काढायला कुणी सांगितलं नव्हतं. औषध बदललं आणि पंधरा दिवसांत माणूस मोकळा झाला.

यावर उपाय आहे, आणि तो फुकट आहे. थेंब घातल्यावर डोळा हलकेच मिटायचा आणि तर्जनीनं नाकाजवळचा कोपरा, हाडावर, हळूच दाबून धरायचा. दोन-तीन मिनिटं. अमेरिकेत १९८४ साली झालेल्या एका अभ्यासात पाच मिनिटं असं दाबून धरल्यावर, किंवा नुसता डोळा मिटून ठेवल्यावर, रक्तात जाणारं टिमोलॉल ६० टक्क्यांहून अधिक कमी झालं होतं. औषध डोळ्यात राहतं, रक्तात कमी जातं, तोंड कडू होत नाही. असा सौदा वैद्यकशास्त्रात फार कमी ठिकाणी मिळतो, आणि त्याबद्दल रुग्णाला सांगायला आम्हा लोकांना ओपीडीत वेळ मिळत नाही.

लोक प्रत्यक्षात थेंब कसे घालतात, हे पाहणाऱ्या दिल्लीच्या एका अभ्यासाबद्दल सांगतो. तो २०१२ मध्ये छापून आला. किमान सहा महिने थेंब घालणाऱ्या, म्हणजे सरावलेल्या, ७० रुग्णांना समोर बसवून थेंब घालायला सांगितलं. २२ जणांचा थेंब डोळ्यात पडलाच नाही. ५३ जणांच्या बाटलीचं तोंड डोळ्याला किंवा पापणीला लागलं. कोपरा दाबून धरणारे चार. बाटली कुठेही न टेकवता एकच थेंब नीट डोळ्यात घालणारे सहा. सत्तरांत सहा. हे सगळे रुग्ण डॉक्टरांच्या कागदावर 'औषध नियमित चालू' असेच नोंदलेले असतात. प्रेशर उतरलं नाही की दुसरी बाटली लिहिली जाते, मग तिसरी. गालावर पडणारं औषध दुप्पट महागडं झालं, एवढाच फरक.

म्हणून मी माझ्या टेबलापुढच्या खुर्चीवर एक नियम केला आहे. बाटली पिशवीतून काढायची आणि माझ्यासमोर घालायची. "आजी, रोज घालता तसं घाला बघू." आजी बाटलीचं झाकण दातानं उघडतात. मान वर करतात, पण पुरेशी नाही, मणक्याचं दुखणं. बाटली डोळ्यापासून वीतभर वर. अंगठा संधिवातानं वाकलेला, बाटली कडक, दाबायला जोर लागतो. जोर लावला की हात हलतो. पहिला थेंब भुवईवर, दुसरा नाकाच्या शेंड्यावर, तिसरा पापणीवर, कारण थेंब येताना दिसला की डोळा आपोआप मिटतो. मग पदरानं सगळं पुसून त्या म्हणतात, "झालं." पाच वर्षं हे असंच चाललेलं असतं, आणि पाच वर्षं फाइलीत प्रेशर चढत असतं.

योग्य पद्धत सांगतो. लिहून घेण्याची गरज नाही, हात करून बघा. हात साबणानं धुवायचे. बाटलीत दुधासारखं पांढुरकं औषध असेल, उदाहरणार्थ ब्रिन्झोलामाइड, तर ती आधी हलवायची. खुर्चीत मागं रेलायचं, किंवा सरळ पलंगावर आडवं व्हायचं. वयस्करांनी आडवंच व्हावं, मानेला त्रास होत नाही. एका हाताच्या बोटानं खालची पापणी खाली ओढायची म्हणजे खोबण तयार होते. बाटली धरलेल्या हाताचं मनगट कपाळावर किंवा दुसऱ्या हातावर टेकवायचं. हात टेकला की कंप निम्मा कमी होतो. नजर वर, आढ्याकडे, बाटलीकडे नाही. बाटली उलटी, सरळ, डोळ्याच्या बोटभर वर, पण डोळ्याला न टेकता. एक थेंब. पापणी सोडायची, डोळा अलगद मिटायचा, करकचून नाही. कोपरा दाबायचा. बाहेर ओघळलेलं स्वच्छ कापसानं टिपायचं, कारण लॅटानोप्रोस्टच्या जातीचं औषध कातडीवर राहिलं तर तिथली कातडी काळवंडते आणि लव वाढते. दुसरी बाटली असेल तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. चहा टाकायचा तेवढ्यात.

ज्यांचा डोळा काही केल्या उघडा राहत नाही, त्यांच्यासाठी एक पळवाट. आडवं व्हायचं, डोळे मिटायचे, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब ठेवायचा आणि मग हळूच डोळा उघडायचा. थेंब आपसूक आत सरकतो. पहिल्या पद्धतीइतकं अचूक नाही, पण भुवईवर पडण्यापेक्षा शंभर पटींनी बरं. आणखी एक युक्ती: बाटली फ्रिजमधली असेल तर थेंब गार लागतो, त्यामुळे तो डोळ्यात पडला की गालावर, हे लगेच कळतं. आणि घरात कुणी असेल तर त्यांनी घालावा. यात कमीपणा कसला?

बाटलीचं गणित बायकांना पटकन समजतं; घरातली गॅसची टाकी किती दिवस पुरते हे त्यांनाच माहीत असतं. अडीच मिलीच्या लॅटानोप्रोस्टच्या बाटलीत साधारण ७५ ते ८० थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक, म्हणजे महिन्याहून थोडी अधिक पुरली पाहिजे. पंधरा दिवसांत संपत असेल तर निम्मं औषध चेहऱ्यावर जातंय. आणि तीन महिने पुरत असेल तर ते डोळ्यातच जात नाही. उघडलेली बाटली किती दिवस चालते ते वेष्टनावर असतं. बहुतेक थेंब चार आठवड्यांनी टाकून द्यावे लागतात, लॅटानोप्रोस्ट सहा आठवड्यांनी. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनानं लिहून ठेवा. न उघडलेलं लॅटानोप्रोस्ट फ्रिजमध्ये ठेवायचं असतं, आणि उघडल्यावर २५ अंशांच्या आत. हे २५ अंश कागदावर ठीक आहेत. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा देवघराच्या कोनाड्यात ठेवलेल्या बाटलीचं काय होत असेल? उन्हाळ्यात ती फ्रिजमध्येच बरी; बर्फाच्या कप्प्यात मात्र नाही. प्रवासात गाडीच्या डॅशबोर्डवर तर मुळीच नाही.

खाडे होण्याचं प्रकरण जरा निराळं आहे. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात पिलोकार्पिन घालणाऱ्या रुग्णांच्या बाटल्यांना नोंद ठेवणारं छोटं यंत्र बसवलं गेलं. रुग्णांनी सांगितलं, डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांपैकी ९७ टक्के आम्ही घालतो. यंत्रानं सांगितलं, ७६ टक्के. डॉक्टरकडे जायचा दिवस जवळ आला की थेंब नियमित होतात, हेही अशाच अभ्यासांत दिसलं. परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करणारी जमात सगळीकडे सारखीच. त्यामुळे तपासणीच्या दिवशी प्रेशर छान येतं आणि डॉक्टर खूश होतात.

आपल्याकडे याची उलटी तऱ्हाही आहे. "आज तुमच्याकडे यायचं होतं ना, म्हणून थेंब घातले नाहीत." का घातले नाहीत, याचं उत्तर कुणाकडेही नसतं, रक्त तपासायला उपाशीपोटी जातात, तसंच काहीतरी डोक्यात असावं. तपासणीच्या दिवशी थेंब घालूनच यायचं. थेंब घातल्यावर प्रेशर किती राहतं, तेच तर आम्हाला बघायचं असतं. उपासाचंही तेच. एकादशीला औषध बंद ठेवणारे आहेत. थेंब पोटात जायचं औषध नाही, त्यानं एकादशी मोडत नाही. रमजानच्या महिन्यात थेंबांनी रोजा तुटतो का, हा प्रश्नही येतो. अनेक उलेमांचं मत आहे की तुटत नाही. मनात शंका असेल तर घालायच्या वेळा सहरी आणि इफ्तारला जुळवून घेता येतात, तसं डॉक्टरांशी बोलावं. वारीला जाणाऱ्यांनी आळंदीहून निघताना बाटली कमरेच्या पिशवीत ठेवावी, आणि शक्यतो दोन ठेवाव्यात. तीन आठवडे थेंब चुकले की विठ्ठलाच्या पायाशी काचबिंदू थांबत नाही. याबाबतीत तो देव कुणाचीही भीड ठेवत नाही.

एखादा थेंब चुकला तर आठवेल तेव्हा घालावा. पण पुढची वेळ जवळ आली असेल तर दुप्पट घालू नये. थेंब कुठल्यातरी रोजच्या कामाला बांधून ठेवावा: रात्रीच्या दात घासण्याला, देवाजवळच्या दिव्याला, किंवा मालिकेला. मालिका तर कधी संपतच नाही, त्यामुळे ती सगळ्यात खात्रीची.

दुष्परिणामांची यादी वाचली तर कुणी थेंब घालणारच नाही, म्हणून कामापुरतं सांगतो. लॅटानोप्रोस्ट, बिमाटोप्रोस्ट या जातीच्या थेंबांनी डोळे काही दिवस लाल होतात, पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, डोळ्याभोवतीची कातडी काळवंडते. बिमाटोप्रोस्ट तर पुढं अमेरिकेत पापण्या वाढवायच्या सौंदर्यप्रसाधनासारखंच विकायला आलं. माझ्याकडच्या काही रुग्ण महिलांना लांब पापण्या आवडतात; पण थेंब एकाच डोळ्यात असेल आणि एकाच बाजूच्या पापण्या वाढल्या तर त्या वैतागतात, आणि बरोबरच आहे. ब्रिमोनिडीननं तोंड कोरडं पडतं, झोप येते. लहान बाळांना ते देत नाहीत, त्यांचा श्वास थांबू शकतो. म्हणून ती बाटली रांगत्या नातवाच्या हाताला लागेल अशा ठिकाणी ठेवू नये. काही महिन्यांनी डोळा लाल होऊन खाजायला लागला तर तेही ब्रिमोनिडीनच असू शकतं. डॉर्झोलामाइड झोंबतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थेंब सुरू करण्यापूर्वी, किंवा चालू असतील तर लगेच, डॉक्टरांना सांगायला हवं. आणि त्रास होतो म्हणून थेंब आपल्या मनानं बंद करणं हा सगळ्यांत वाईट मार्ग. दुसरं औषध आहे, टिकवण्यासाठी घातलेलं रसायन नसलेले थेंब आहेत, लेसर आहे. सांगितलं तर बदलता येतं.

आता एका गोष्टीवर मी थोडा चिडून बोलणार आहे. मेडिकलच्या दुकानात जाऊन "डोळा खाजतोय, काहीतरी द्या" म्हटलं की बऱ्याचदा स्टिरॉइडचे थेंब हातात पडतात. कायद्यानं ते चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत, तरी मिळतात. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो. म्हणून ती बाटली पुन्हा येते, पुन्हा येते, आणि काहींच्या डोळ्यातलं प्रेशर त्यानं गुपचूप चढत जातं. उन्हाळ्यात डोळे खाजणारी शाळकरी मुलं यात सापडतात. आईला वाटतं पोराचा डोळा बरा झाला. पोराची नस झिजत असते. स्टिरॉइड हे उत्तम औषध आहे, पण डॉक्टरांनी दिलं तर, दिलं तितकेच दिवस, आणि प्रेशर मोजत. काचबिंदूच्या घरात तर अशा बाटल्या फ्रिजमध्ये ठेवूच नयेत, कारण घाईत एकीच्या जागी दुसरी उचलली जाते. झाकणाच्या रंगावर विसंबू नका, कंपनी बदलली की रंगही बदलतो. नाव वाचा, वाचता येत नसेल तर बाटलीला जाड रबरबँड लावा, एकाला एक, दुसऱ्याला दोन. कानाचे थेंब डोळ्यात घातलेले लोक मी पाहिले आहेत. मध, गुलाबपाणी, तूप यांनी प्रेशर उतरत नाही.

योगासनांबद्दल न विचारता सांगतो, कारण आपल्या भागात योगवर्ग पुष्कळ आहेत. चेन्नईत योगसाधकांवर २००६ साली केलेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्याचं प्रेशर दुप्पट होतं असं दिसलं. काचबिंदू असेल तर शीर्षासन सोडा. डोकं खाली जाईल अशी बाकीची आसनंही डॉक्टरांना विचारूनच करा, उरलेलं खुशाल करा. पहाटे तांब्याभर पाणी एका दमात पिण्याची सवय असेल तर तेही घोट घोट प्या, एकदम पोटात गेलेलं पाणी काही काळ प्रेशर वाढवतं.

थेंब सगळ्यांना पुरेसे नसतात. जाळीवर एक सौम्य लेसर देऊन थेंबांऐवजी सुरुवात करता येते. ब्रिटनमध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासात लेसरनं सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे ७४ टक्के रुग्णांना तीन वर्षांनंतरही थेंबांची गरज पडली नव्हती. ज्यांना थेंब झेपत नाहीत त्यांनी डॉक्टरांना हे विचारावं. आणि एक प्रकार असा आहे जिथं निचऱ्याची वाट एकाएकी बंद होते. डोळा भयंकर दुखतो, लाल होतो, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात. घरात म्हणतात पित्त झालं, आणि आलेपाक देतात. तिथं रात्रीच्या रात्री डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा.

सभेआधी तीन चिठ्ठ्या आल्या. पहिली: थेंब कधी बंद करायचे? बहुतेकांना जन्मभर. लेसर किंवा शस्त्रक्रियेनंतर काहींचे कमी होतात, काहींचे बंदही होतात, पण ते प्रेशर आणि नस बघून डॉक्टरांनी ठरवायचं. दुसरी: माझे थेंब बायकोला चालतील का, तिचाही डोळा कधी कधी दुखतो? नाही. तिला तपासायला आणा. तिसरी चिठ्ठी एका मुलीची आहे: बाबांना काचबिंदू आहे, मी काय करू? तुम्ही स्वतःचे डोळे तपासून घ्या, नुसता नंबर नाही, बाहुली मोठी करून नस बघून घ्या. भावंडांनाही न्या. सख्ख्या नात्यात हा आजार असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो.

माझ्याबरोबर एकेकट्यानं वापरायच्या छोट्या कुप्या आहेत, कृत्रिम अश्रूंच्या. त्यात औषध नाही. एक कुपी एकालाच, संपली की फेकायची. सभा संपल्यावर मी डावीकडच्या टेबलाशी बसतो. ज्यांना थेंब घालायचे असतात त्यांनी आणि ज्यांना दुसऱ्याच्या डोळ्यात घालावे लागतात त्यांनी रांगेत या, आणि घरी घालता तसे घाला. आडवं व्हायला संयोजकांनी एक बाक मांडला आहे. हात धुवायला नळ मागच्या दारापाशी आहे, साबण ठेवलेला आहे.